नावामागे धावू नका, सर्व्हे नंबर धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पणजोबांचं गाव कोयनेच्या खोऱ्यात, पाटण तालुक्यात. आजोबा १९४० च्या आसपास मुंबईला येऊन गिरणीत लागले. पुढे धरणात गावाची बरीच शेती गेली, भावकी पांगली. पणजोबांच्या पलीकडचं नाव घरात कुणाला ठाऊक नाही, इंटरनेटवर आडनाव टाकून काही हाती लागत नाही आणि गावातलं एकजण सांगतं की सगळं रेकॉर्ड पाण्यात गेलं. मग सुरुवात कुठून करायची?

रेकॉर्ड पाण्यात गेलेलं नाही. गाव बुडालं तरी त्याचं दप्तर तालुक्याला आणि जिल्ह्याला असतं. उलट धरणाखाली गेलेल्या गावांचे कागद शेजारच्या कोरड्या गावांपेक्षा जास्त निघतात, कारण सरकारला तिथल्या तुकड्यान्‌तुकड्याचा मालक शोधून मोबदला द्यावा लागला. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

आधी हे ध्यानात घ्या की साध्या शेतकरी घराची वंशावळ म्हणून सरकारने कधी काही लिहून ठेवलेलं नाही. नाव कागदावर चढलं ते सारा वसूल करायला, वारस लावायला, भांडण मिटवायला, नाहीतर पोराला शाळेत घालायला. त्यामुळे ‘माझ्या पूर्वजांची माहिती हवी’ म्हणत तहसील कचेरीत गेलात तर समोरचा माणूस तुमच्याकडे बघत राहील. ‘अमुक गाव, जुना सर्व्हे नंबर अमुक, यावरचे सगळे फेरफार (म्हणजे खातेदार बदलल्याच्या नोंदी) हवेत’ म्हणालात तर तो उठून कपाटाकडे जाईल.

नंबर धरायला सांगतो याला आणखी एक कारण आहे. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली पद्धत. बाळा बिन राणू, म्हणजे राणूचा मुलगा बाळा, त्याचा मुलगा राणू बिन बाळा, त्याचा पुन्हा बाळा बिन राणू. त्याच वाडीत चुलत घरातही एक बाळा बिन राणू असतोच. नावावरून गेलात तर दुसऱ्याच घराचा पणजोबा आपल्या झाडाला लटकेल. जमिनीचा तुकडा मात्र जागा सोडत नाही. तो कुणाकडून कुणाकडे गेला हे पाहत मागे गेलात की माणसं आपोआप ओळीने उभी राहतात.

पण कचेरीची पायरी चढण्याआधी घर आणि मुंबई धुंडाळा. जुनी पितळी-तांब्याची भांडी खाली काढा. लग्नातल्या हंड्या-कळशांवर देणाऱ्याचं नाव, गाव, कधी तारीखही कोरलेली असते आणि देणारा बहुधा मामा, आत्या किंवा व्याही असतो. पणजीचं माहेर शोधायला यासारखं साधन नाही. देव्हाऱ्यातले टाक, जुन्या लग्नपत्रिका, मनीऑर्डरच्या पावत्या, आजोबांची कामगार विम्याची आणि प्रॉव्हिडंट फंडाची कागदं हेही पाहा. गिरणी कामगारांच्या घरासाठी म्हाडाकडे कुणी अर्ज केला असेल तर त्याच्या फाईलमध्ये वारसांचे दाखले एका जागी लागलेले असतील. गिरणगावात बहुतेक गावांची ग्रामस्थ मंडळं होती, काहींच्या स्वतःच्या खोल्या होत्या. त्यांच्या वर्गणीच्या वह्यांत वाडीवार नावं असतात. मंडळाचा म्हातारा सेक्रेटरी हयात असेल तर त्याला आधी गाठा, कागद कुठे पळून जात नाही.

आडनाव तपासून घ्या. मुंबईत हजेरीवर कुणी गावावरून ‘-कर’ लावलं, कुणी हुद्दा लावला, कुणी नुसतं वडिलांचं नाव दिलं. गावच्या दप्तरात तुमचं आजचं आडनाव कदाचित मुळी नसेलच. इंटरनेटवर काही न सापडण्याचं अर्धं कारण हेच असतं.

दुसरी विचारपूस भावकीत करा: कुणी जात पडताळणी केली आहे का? ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे पुरावे लागतात. त्यामुळे ज्याने ‘व्हॅलिडिटी’ काढली त्याने वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, शाळेचे उतारे, जुने फेरफार असं सगळं आधीच गोळा केलेलं असतं. एखाद्या चुलत चुलत्याच्या पोराची ती प्लास्टिकची फाईल तुमचे कितीतरी हेलपाटे वाचवेल. फक्त त्यातली वंशावळ जशीच्या तशी उचलू नका. ती त्या एका मुलापुरती आखलेली असते. ज्या भावांची गरज नव्हती ते आणि बहुतेक बहिणी त्यातून गळलेल्या असतात.

आता मुख्य काम. गावात आज घराची एखादी गुंठाभर जमीन उरली असेल तर तिचा सातबारा घ्या. काहीच उरलं नसेल तर भावकीतल्या कुणाचाही चालेल. संगणकावरच्या स्वच्छ उताऱ्यावर थांबू नका. हस्तलिखित जुने सातबारे मागा. त्यांत नावाशेजारी वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार क्रमांक. कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी झालेला खातेदार. प्रत्येक वर्तुळातला आकडा टिपा आणि गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीतून त्याची नक्कल काढा. वारसाचा फेरफार असेल तर त्यात खातेदार कधी मयत झाला, मागे कोण, नातं काय, वय काय, वर्दी कुणी दिली हे सगळं असतं. त्या एका पानावर एक पिढी नक्की होते. मग मयत खातेदाराचं नाव मुळात कुठल्या फेरफाराने चढलं ते बघा आणि एक पायरी मागे जा.

अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या सरकारी पोर्टलवर ठेवले आहेत. तिथे गाव आणि नंबर टाकून पाहायला हरकत नाही. नाही दिसलं म्हणजे नोंद नाही असं मात्र समजू नका. पान स्कॅन झालेलं असतं, पण भलत्याच नंबराखाली चढलेलं असतं.

वाटेत एक अडथळा हमखास येतो. मुंबई राज्यात १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला आणि पुढच्या काही दशकांत गावोगाव सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. आजच्या उताऱ्यावरचा गट नंबर घेऊन तुम्ही १९४० च्या वहीत शोधत बसलात तर जन्मात सापडणार नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून, ज्याला गावाकडे मोजणी ऑफिस म्हणतात तिथून, एकत्रीकरणाचं पत्रक घ्या. त्याला ‘नऊ-तीन, नऊ-चार’चा उतारा म्हणतात. कुठले जुने नंबर आणि हिस्से मिळून तुमचा गट झाला हे त्यात असतं.

मागे हक्कनोंद कुठवर जाते? हक्कनोंदीचा पहिला कायदा १९०३ चा, मग १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यातच आली. सातबाऱ्याच्या आधी कडईपत्रक असायचं, म्हणजे क, ड आणि ई पत्रक. ड-पत्रक म्हणजे तेव्हाची फेरफाराची वही. तिथवर पोचलात तर १८५०-६० च्या सुमारास जन्मलेला माणूस ‘मयत’ म्हणून सापडू शकतो, म्हणजे खापरपणजोबा पदरात पडले.

या नोंदी वाचताना काही खुणा येत असायला हव्यात. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’, ‘भ्रतार’, ‘जोजे’ आलं की ती अमक्याची बायको. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे तीन अक्षरी शेपूट फार महत्त्वाचं, कारण नाव एकाचं आणि मागे चार भाऊ दडलेले. आजोबा मुंबईला गेले आणि गावच्या भावाचं नाव ए.कु.मॅ. म्हणून लागलं, असं गिरणगावातल्या घरोघरी घडलंय. तुमचे आजोबा सातबाऱ्यावर दिसले नाहीत तर घाबरू नका, भावाचा फेरफार उघडा. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा लहान असताना बाप गेला, आई किंवा चुलता पालनकर्ता लागला. यावरून बाप साधारण कधी वारला आणि मुलगा कधीचा, दोन्ही अंदाज बांधता येतात.

बायकांबद्दल जरा थांबून लिहायला हवं, कारण आपल्याकडच्या वंशावळींत त्या नसतातच आणि लोकांना वाटतं कागदातही नसतील. जुन्या फेरफारांत विधवा आई असते, मुली क्वचित. १९३७ च्या कायद्याने विधवेला हिस्सा मिळाला तेव्हापासून विधवांची नावं वाढतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुली वारस म्हणून लागायला लागल्या. आणि त्या लागल्या म्हणून त्यांची नावं काढून टाकण्यासाठी हक्कसोडपत्रं व्हायला लागली. न्याय-अन्यायाचा हिशोब बाजूला ठेवू. वंश शोधणाऱ्याला मात्र हक्कसोडपत्र हा खजिना आहे. बहिणीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, नवरा, राहायचं गाव, वय, अंगठा किंवा सही, ओळख देणारे साक्षीदार असं सगळं त्यात असतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्याची सूची आणि नक्कल मिळते. ज्या आत्या आणि पणआत्या घरातल्या कुणाला आठवत नाहीत त्या बहुतेक वेळा अशाच एखाद्या पत्रात भेटतात.

आता धरण. कोयनेचं काम १९५० च्या दशकात सुरू झालं आणि १९६० च्या दशकात शिवसागर भरला. जमीन घेतली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. त्यात प्रत्येक गावाचा ‘निवाडा’ झाला. निवाड्यात सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, हितसंबंधी माणसं आणि कुणाला किती मोबदला, हे ओळीने असतं. झाडं, विहीर, घर यांचे पैसे वेगळे दाखवलेले असतात. तुमच्या दृष्टीने सोनं म्हणजे हिश्शाचे वाद. मुंबईला असलेल्या भावाने ‘माझाही चौथा हिस्सा आहे’ म्हणून अर्ज केला असेल तर त्याला नातं सिद्ध करावं लागलं असणार, म्हणजे वंशावळ आणि जबाब त्या फाईलला जोडलेले असणार. जिल्ह्याच्या भूसंपादन शाखेत आणि अभिलेख कक्षात निवाड्याची चौकशी करा. जिल्हा पुनर्वसन कार्यालयात प्रकल्पग्रस्त खातेदारांचं ‘संकलन’ असतं, ते वेगळं मागा. त्यात मूळ खातेदार आणि त्याचे आजचे वारस एकत्र दिसतात. कोयनेचे लोक सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत वसवले गेले. भावकी पांगली ती नेमकी कुठे, याचं उत्तर या रजिस्टरात मिळेल आणि तिथल्या कुणाच्या तरी पेटीत तुमच्या घराचा कागद असेल.

निवाड्याला जोडून शाळा पाहा. प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर कायम जपायचं असतं आणि गावोगाव ते बऱ्यापैकी टिकलं आहे. बुडालेल्या गावची शाळा जिथे हलली तिथे किंवा केंद्रशाळेत, नाहीतर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. मुलाचं नाव, बापाचं किंवा पालकाचं नाव, जात, जन्मगाव, आधीची शाळा, सोडल्याचं कारण असं त्यात मिळतं. ‘मुंबईस गेला’ असा शेरा वाचला की अंगावर काटा येतो खरा. मात्र जन्मतारखेवर भिस्त ठेवू नका. मास्तरांनी अंदाजाने टाकलेली १ जून ही अर्ध्या महाराष्ट्राची जन्मतारीख आहे.

जन्ममृत्यूची जुनी नोंद गाव नमुना १४ मध्ये. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात आणि ती तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असते. तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. जन्माच्या रकान्यात बाळाचं नाव बहुधा नसतं, ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढंच. तरी बापाचं नाव, जात आणि तारीख पक्की मिळते, आणि शाळेतल्या १ जूनला उतारा म्हणून ती उपयोगी पडते. आजोबा मुंबईत वारले असतील तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून मृत्यूची नोंद काढा. १९५१ च्या जनगणनेवेळी गाववार ‘नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही’ तयार झाली होती, तिच्यात घरटी माणसांची नावं आहेत. ती काही तालुक्यांत सापडते, काहींत नाही. एरवी जनगणनेच्या कागदांतून व्यक्तीची नावं पाहायला मिळत नाहीत, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदी शोधायला राज्यभर रेकॉर्ड रूम उघडल्या गेल्या. मोडी आणि उर्दू वाचणारे बसवले गेले, सापडलेल्या पानांचे स्कॅन बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आले. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, कोतवाल बुकं आणि शाळेची रजिस्टरं त्यामुळे धूळ झटकून गाववार लागली आहेत. आपल्या गावाची पानं तिथे आहेत का हे घरबसल्या पाहता येतं. तिथे फक्त कुणबी नोंदीची पानं निवडून चढवली आहेत हे मात्र लक्षात असू द्या.

जमीन नावावर नसलेल्या घरांनी काय करायचं, असं मला नेहमी विचारलं जातं. कूळ म्हणून कसत असतील तर १९४८ च्या कूळकायद्याची फाईल शोधा. १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन धरून कुळांना मालक ठरवण्याची ‘३२ ग’ची प्रकरणं चालली आणि त्यांत कुळाचे जबाब आहेत: बाप कसत होता, कधीपासून, भाऊ किती. महार वतन असेल तर कागद उलट जास्त असतात. १८७४ च्या वतन कायद्याखालची वतन रजिस्टरं, दुमाला म्हणजे सारामाफीच्या जमिनींचा गाव नमुना ३ आणि १९५९ मध्ये कनिष्ठ वतनं खालसा झाल्यावर जमीन परत देण्याची प्रकरणं, या सगळ्यांत तक्षिमा म्हणजे वाटे लावण्यासाठी घराणं मुळापासून मांडलेलं असतं. रामोशी, कोळी अशा वतनी कामं करणाऱ्या घरांनाही हाच रस्ता. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं त्यांच्यासाठी शाळा, कोतवाल बुक आणि मुंबईचे कागद एवढंच उरतं, आणि हे काम खरोखर कठीण आहे.

फौजेत कुणी गेलं असेल तर वेगळी वाट आहे. साताऱ्याकडे आणि कोकणात कित्येक गावांत १९१४-१९ च्या महायुद्धाला किती माणसं गेली याच्या दगडी पाट्या आहेत. जे परतले नाहीत त्यांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर आहेत, पुष्कळदा बापाच्या आणि गावाच्या नावासह. इंग्रजी स्पेलिंग वाटेल तसं असतं, म्हणून गावाच्या नावाने शोधा.

हक्कनोंदीच्या मागे जायचं तर इंग्रजांच्या सर्व्हेचे कागद लागतात. इंदापूरला १८३६ मध्ये सुरू झालेली ही पद्धत साताऱ्यात आली ती १८४८ मध्ये राज्य खालसा झाल्यावर. मोजणी ऑफिसात प्रतिबुक, पक्काबुक, क्लासर रजिस्टर, शेतवारपत्रक अशा नावांनी ते मागायचे. त्यांत त्या वेळचा खातेदार नंबरासमोर असतो. नातं लिहिलेलं नसतं, फक्त ‘अमका बिन तमका’. पण नंबर जुळला आणि बापाचं नाव ड-पत्रकातल्या आजोबाशी जुळलं, तर जोड धरायला हरकत नाही.

त्याच्याही मागे पुण्याचं पुरालेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर. १८९१ मध्ये बांधून झालेल्या त्या इमारतीत मोडीचे कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत, साताऱ्याच्या महाराजांचं दप्तरही तिथेच. ओळखपत्र आणि अर्ज देऊन बसता येतं. पण कामाच्या बाबतीत स्पष्ट सांगतो: घराण्याकडे पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, चौगुलकी, इनाम असं काही होतं तरच तिथे जा. मग तिथे महजर म्हणजे वतनाच्या वादांचे निवाडे मिळतील, ‘करीना’ मिळेल म्हणजे वतनाच्या दाव्यात घराण्याने स्वतः सांगितलेली हकीकत, आणि इनाम कमिशनपुढे दाखल झालेल्या कैफियती मिळतील. १८५२ च्या कायद्याने कमिशनला इनामांची छाननी करायचे अधिकार मिळाले आणि इनामदारांना मूळ पुरुषापासून वंश मांडून दाखवणं भाग पडलं. वंशावळ म्हणून लिहिलेले कागद असतील तर ते हेच. करीना वाचताना एवढं जपा की तो दावेदाराने आपल्या फायद्यासाठी सांगितलेला असतो. शत्रुपक्षाचा करीनाही काढून वाचा. चुलत घराचा खरा धागा बहुधा त्यात असतो. साधा रयत तिथे आला तर कुळवार झाड्यात किंवा थळझाड्यात, म्हणजे कुळांच्या आणि शेतांच्या याद्यांत, नुसत्या नावाने.

मोडी शिकावी का? हो, पण सगळी शिकायची गरज नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे फेरफारही मोडीत सापडतात, तेव्हा ती टाळता येणार नाही. आपल्या गावातली पन्नासेक नावं, आकडे, ‘बिन’, ‘मयत’, ‘वारस’ एवढं ओळखता आलं तरी कुठलं पान वाचून घ्यायचं हे कळतं. शिरोरेघ आधी ओढून मग अक्षरं टांगलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. पुरालेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. उरलेलं लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्या आणि मूळ पानाचा फोटो सोबत ठेवा.

तारखांचं गणित मात्र स्वतः करायला शिका. शके असेल तर ७८ मिळवा. फसली म्हणजे महसुली साल असेल तर ५९०. जुन्या मराठी कागदात सुहूर सन अरबी आकड्यांच्या शब्दांत असतो, उदाहरणार्थ ‘सन अर्बा अशरीन मया व अलफ’. चार, वीस, शंभर आणि हजार मिळून ११२४. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७२३. वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मृग यांमधला कागद असेल तर एक वर्ष वाढवायचं.

कागदाबाहेरचे दोन जण विसरू नका. सांगली-कोल्हापूर आणि साताऱ्याच्या दक्षिणेकडे हेळवी येतात, सुगीनंतर, घराघराची वंशावळ सांगत आणि वहीत नवी नावं चढवत. खानदेश-विदर्भात हेच काम भाट करतात. आणि नाशिक-त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. तिथे आडनावापेक्षा मूळ गाव सांगा, त्यावरूनच तुमचा उपाध्या ठरतो. अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला जो आला त्याने सोबतच्यांची आणि मागच्या पिढ्यांची नावं लिहून सही केलेली असते. ही नावं घरच्या माणसाने सांगितलेली, म्हणून वरच्या दोन-तीन पिढ्यांपर्यंत बिनधास्त धरा. त्याच्या वरची नावं, हेळव्याच्या तोंडची असोत की वहीतली, जमिनीच्या कागदाशी ताडून घ्या. सूर्यवंश-चंद्रवंशापर्यंत नेणारे रंगीत तक्ते कुणी विकायला आणले तर पैसे खिशात ठेवा.

हे सगळं पश्चिम महाराष्ट्राला धरून आहे. दुसऱ्या भागातल्यांसाठी चार ओळी. मराठवाड्यात निजामाचं दप्तर उर्दूत. खासरा पत्रक, सेतवार, इनाम असेल तर मुंतखब मागा. विदर्भात नागपूरकडे १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि त्याआधीच्या बंदोबस्ताची मिसल, शिवाय कोतवाल पंजी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात खोती होती, तिथे बोटखत बघा. गोव्यात मूळ असलेल्या हिंदू घरांनी कुळदेवस्थानाच्या महाजनांची यादी पाहावी, ख्रिस्ती घरांनी चर्चची बाप्तिस्मा रजिस्टरं, आणि दोघांनीही पणजीचं पुरालेख खातं. मॉरिशसच्या मराठी मंडळींचे पूर्वज मुंबई बंदरातून गेलेले. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची आगमन रजिस्टरं आहेत, त्यांत बापाचं नाव, गाव, जिल्हा आणि जहाज मिळतं. तिथला उतारा हातात असल्याशिवाय इकडे गाव शोधायला येऊ नये.

कचेरीतल्या वागण्याचंही सांगतो. सोमवार आणि मार्चअखेर टाळा. अर्जात एका वेळी एकच गाव, नंबर आणि साल लिहा, पोच घ्या. ‘सापडत नाही’ असं तोंडी उत्तर आलं तर ते लेखी मागा. लेखी द्यायचं म्हटलं की पुष्कळदा वही सापडते. तरीही अडलं तर माहिती अधिकारात अर्ज करताना नकलेऐवजी रजिस्टर पाहण्याची परवानगी मागा. वही हातात आली की शेजारची पानंही चाळता येतात, आणि भावकीतली घरं बहुधा तिथेच असतात. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या शिपायाशी नीट बोला. कुठलं गाठोडं कुठल्या मांडणीवर आहे हे साहेबाला नसतं माहीत.

कुठवर पोचाल? वतन नसलेल्या शेतकरी घराचं म्हणाल तर खापरपणजोबांच्या बापापर्यंत, म्हणजे १८५० च्या आसपास, पोचलात तर काम फत्ते झालं समजा. त्यामागची नावं मिळाली तरी जोड क्वचितच सिद्ध होते. वंशावळ मांडताना प्रत्येक नावाखाली कागद कोणता, क्रमांक काय, कचेरी कुठली हे लिहा. जिथे फक्त कुणी सांगितलं म्हणून नाव घातलंय तिथे सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाका, आणि जोड पक्की नसेल तिथे रेघ तुटक ठेवा. आठवडाभराची रजा काढणार असाल तर पहिले दोन दिवस पाटणला सातबारा, फेरफार आणि मोजणी ऑफिससाठी ठेवा, मग साताऱ्याला निवाडा आणि संकलन. नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा मात्र त्याच्या आधी अर्ज टाकून मागवून ठेवा, नाहीतर ते पहिले दोन दिवस फुकट जातील.